आवाज कुणाचा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ह्या महिन्यात आलेले मेल आणि पत्रं वाचत बसले तेव्हा लक्षात आलं की निम्म्याहून जास्त प्रश्न कुठल्या ना कुठल्या आवाजाबद्दलचे आहेत, कुणाचा कुत्रा रियाजाच्या वेळी रडतोय, कुणाला लग्नात गाणी लावायची तर परवानगी लागते का ते हवंय, कुणाच्या माळ्यावर पणजोबांच्या तबकड्या सापडल्यात. म्हणून ह्या वेळी सगळे आवाजवाले प्रश्न एकत्रच घेतलेत. बाकीच्यांनी रागावू नका, कुंडीतल्या लिंबाचा आणि फ्रिजच्या बिलाचा प्रश्न पुढच्या अंकात नक्की घेते. माझं स्वतःचं मत असं आहे की कुठलाही आवाज आवडला किंवा नावडला तरी तो नेमका कुठनं निघतो आणि कुणी काढलाय एवढं आधी बघावं, अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

प्रश्न : ताई, मी रोज सकाळी पेटीवर सूर धरून रियाज करते. आमचा लॅब्रेडॉर एरवी शांत असतो पण मी सा लावला की तोंड वर करून रडायलाच लागतो. सासूबाई म्हणतात कुत्रं रडणं चांगलं नाही, त्याला बाहेर बांध. त्याला खरंच त्रास होतो का? (सांगली)

बाहेर नका बांधू हो त्याला. तो बहुतेक तुमच्या सुरात सूर मिसळतोय. लांडगे एकमेकांपासून लांब गेले की असाच लांबलचक आवाज काढून एकमेकांना सांगतात की मी इथे आहे, तुम्ही कुठे आहात, आणि कुत्र्यांमध्ये ही सवय अजून शिल्लक आहे, काहींत जास्त काहींत कमी. एका पट्टीत बराच वेळ टिकणारा आवाज कानावर पडला की त्यांना उत्तर द्यावंसं वाटतं, मग तो ॲम्ब्युलन्सचा सायरन असो, देवळातला शंख असो, गिरणीचा भोंगा असो नाहीतर तुमच्या पेटीचा सा. घरीच करून बघा, एकदा लांब सा धरा आणि एकदा छोटे छोटे तुटक स्वर वाजवा, तो कशाला उत्तर देतो ते कळेल.

आता त्रास होतोय की नाही हे कसं ओळखायचं. कुत्र्याला आपल्यापेक्षा खूप वरच्या पट्टीतलं ऐकू येतं, आपण फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो (वय झालं की तेवढंही नाही), तो साधारण ४५,००० पर्यंत ऐकतो, त्यामुळे जुन्या पेटीची एखादी पट्टी चिरकत असेल तर त्याला ते आपल्यापेक्षा जास्त टोचू शकतं. म्हणून त्याच्या अंगाकडे बघा. कान मागे चिकटवलेत, शेपूट आत घेतलीय, सारखं ओठ चाटतोय, झोप आलेली नसताना जांभया देतोय, उठून दुसऱ्या खोलीत जातोय, तर त्याला नकोय ते. आणि तुमच्या शेजारी येऊन बसतोय, शेपूट हलतेय, तुम्ही थांबलात की तोही थांबून तुमच्या तोंडाकडे बघतोय, तर तो मजेत आहे. फक्त रियाज करताना खोलीचं दार उघडं ठेवा म्हणजे त्याला जायचं असेल तर जाता येईल.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि एवढंच विचारा की घरात कुणी आजारी असतं तेव्हा सगळं घर रात्रभर जागं असतं ना, म्हणून गल्लीतलं कुत्रं रडलेलं ऐकू येतं आणि पुढे काही वाईट घडलं तर ते लक्षात राहतं. एरवीही कुत्री रात्री रडतच असतात, शांतता असते, आवाज लांब जातो, एकाने सुरू केलं की चार गल्ल्यांमधनं उत्तरं येतात, पण तेव्हा आपण झोपलेले असतो.

ह्याच निमित्ताने फटाके आणि डीजेबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनाही इथेच सांगते, कारण ते प्रकरण खरंच गंभीर आहे. आपल्याकडे फटाक्याला चार मीटरवर १२५ डेसिबलपर्यंत मुभा आहे, आणि कुत्र्याला तो आवाज कधी येणार, कुठनं येणार, कधी थांबणार काहीच कळत नाही, म्हणून दरवर्षी दिवाळीत कितीतरी कुत्री घाबरून पळतात आणि परत सापडत नाहीत. दिवाळीच्या आठवड्यात संध्याकाळ व्हायच्या आत फिरवून आणा, गळ्यात तुमचा फोन नंबर असलेला बिल्ला पाहिजेच, घरातली सगळ्यात आतली खोली, पडदे ओढलेले, पंखा किंवा टीव्ही चालू. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं की त्याची भीती वाढते असं बरेच जण सांगतात, ते अजिबात ऐकू नका, तो तुमच्या मांडीखाली येत असेल तर येऊ द्या. संगीत लावायचं असेल तर रोज तेच लावू नका. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो विद्यापीठ आणि तिथल्या प्राणी संस्थेने आश्रयगृहातल्या कुत्र्यांना वेगवेगळं संगीत ऐकवून बघितलं, २०१७ साली ते प्रसिद्ध झालं, त्यात सॉफ्ट रॉक आणि रेगे ह्या परदेशी संगीतप्रकारांना कुत्री जास्त निवांत दिसली पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकच प्रकार काही दिवस लावला की त्याचा उपयोग कमी होत जातो. आणि माणसाची झोपेची गोळी अर्धी करून द्यायची हे कृपा करून बंद करा. भीती फार असेल तर दिवाळीच्या दोन आठवडे आधी व्हेटकडे जा, त्यांच्याकडे ह्यासाठीच्या गोळ्या असतात आणि डोस वजनावर ठरतो.

प्रश्न : चहाचं आधण ठेवलं की आधी सूं सूं आवाज येतो, वाढत जातो, आणि उकळी फुटायच्या जरा आधी एकदम कमी होतो. मी आवाजावरनंच ओळखते की आता पावडर टाकायची. पण असं का होतं? (डोंबिवली)

तुमचा कान अगदी बरोबर आहे. भांड्याचा तळ आधी तापतो आणि तिथे वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात, पण वरचं पाणी अजून तेवढं गरम नसतं, त्यामुळे बुडबुडा तळापासनं जरा सुटला की गार पाण्यात येऊन तिथल्या तिथे मिटतो. बुडबुडा मिटताना आजूबाजूचं पाणी त्या जागेत धाडकन आत घुसतं, अशी हजारो मिटणी एका वेळी चालू असतात त्यांचा मिळून तो सूं सूं. सगळं पाणी उकळायच्या तापमानाला आलं की बुडबुडे मिटतच नाहीत, थेट वर येऊन फुटतात, मग तो वरचा सूर जातो आणि जाडसर खदखद उरते. काचेच्या भांड्यात बघा एकदा, तळाशी बुडबुडे दिसतील आणि अर्ध्या वाटेत गायब होताना दिसतील.

प्रश्न : पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे. कार्यालयवाले म्हणतात संगीत आणि रिसेप्शनला गाणी लावायची तर आधी लायसन आणा, हजारोंचा आकडा सांगतायत. भाऊ म्हणतो लग्नाला माफी आहे. नक्की काय खरं? (नाशिक)

तुमचे भाऊ बऱ्याच अंशी बरोबर आहेत. आपल्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कायद्यात, कलम ५२ मध्ये ज्या गोष्टी उल्लंघन धरल्या जात नाहीत त्यांची यादी आहे, त्यात खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणं वाजवणं किंवा रेकॉर्ड लावणं येतं आणि खाली स्पष्टीकरणात सरळ लिहिलंय की ह्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक सोहळेही धरावेत. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या उद्योग विभागानेही जाहीर नोटीस काढून हेच सांगितलं की लग्नाच्या कार्यक्रमांसाठी रॉयल्टी मागू नये.

मग गोंधळ कुठे झाला. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये असंच एक परिपत्रक काढलं, त्याविरुद्ध संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या कंपन्या कोर्टात गेल्या आणि मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्द केलं. बऱ्याच कार्यालयवाल्यांनी आणि हॉटेलवाल्यांनी त्याचा अर्थ घेतला की लग्नाची माफीच गेली. तसं नाहीये. कोर्टाचं म्हणणं होतं की सरकारने परिपत्रक काढून कायद्याचा अर्थ ताणायचा नाही आणि हक्कदारांचे हक्क कमी करायचे नाहीत, कायद्यातलं कलम आणि त्याचं स्पष्टीकरण मात्र जागच्या जागी आहे. हळद, संगीत, वरात, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन हे सगळं लग्नाशी जोडलेलंच ना. पण त्याच हॉलमध्ये थर्टी फर्स्टची पार्टी, ऑफिसचं गेट-टुगेदर, तिकीट लावलेला ऑर्केस्ट्रा असेल तर लायसन घ्यावंच लागतं, तिथे माफी नाही.

तुम्ही काय करा, कार्यालयवाल्यांना विचारा की लायसन नेमकं कुणाचं आणि कशासाठी मागताय, आणि ते लेखी द्या म्हणा. कारण एका गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल हा एक, तो गीतकार-संगीतकारांचा, त्यांच्यासाठी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. दुसरा त्या रेकॉर्डिंगचा, तो बहुतेक वेळा म्युझिक कंपनीचा, त्याचे पैसे गोळा करणाऱ्या संस्था वेगळ्या. पैसे मागणाऱ्याने ह्यातलं तो कुणाच्या वतीने मागतोय हे सांगता आलंच पाहिजे. इव्हेंटवाल्याला काम दिलं असेल तर त्याच्या करारात ही जबाबदारी कुणाची ते आत्ताच बघून घ्या, लग्नाच्या आदल्या दिवशी वाद नको. मोठ्या हॉटेलात असेल आणि ते अडूनच बसले तर एखाद्या वकिलाकडनं कलमाचा उल्लेख असलेलं एक पानी पत्र पाठवा. आणि माफी आवाजाच्या मर्यादेला नाही हे लक्षात असू द्या, रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर बंद म्हणजे बंद.

एक मनापासून सांगते, लग्नाची माफी मला योग्यच वाटते, पण म्हणून रॉयल्टी हा प्रकारच लुबाडणूक आहे असं जे आपल्याकडे सर्रास बोललं जातं ते मला पटत नाही. कितीतरी गीतकारांनी एकदाच ठराविक पैसे घेऊन गाणं विकलं आणि ते गाणं पुढे पन्नास वर्षं कंपनीला कमावून देत राहिलं. लताबाईंनी साठच्या दशकात गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून हट्ट धरला, त्यावरनं रफीसाहेबांशी मतभेद होऊन काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. गीतकार आणि संगीतकाराला आपला वाटा कुणाला लिहून देता येणार नाही, म्हणजे निर्मात्याने दबाव टाकून तो काढून घेता येणार नाही, अशी तरतूद कायद्यात यायला २०१२ साल उजाडावं लागलं, राज्यसभेत जावेद अख्तरांनी त्यासाठी जोर लावला होता.

प्रश्न : माळा आवरताना पणजोबांच्या जुन्या नाट्यसंगीताच्या तबकड्या सापडल्या, साधारण तीसेक आहेत. त्या डिजिटल करून यूट्यूबवर टाकल्या तर चालेल का? आणि प्रत्येक बाजूला एकच गाणं, तेही तीन मिनिटांत संपतं, असं का? (वडोदरा)

आधी हात धुवा आणि त्या तबकड्या उभ्या करून ठेवा, आडव्या एकावर एक रचू नका, वजनाने तडकतात. ह्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या लाखेच्या असतात, नंतरच्या एलपीसारख्या व्हिनाइलच्या नाही. म्हणून त्या स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसायच्या नाहीत, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते आणि वरचा थर गेला की गाणं गेलं. मऊ ब्रशने धूळ काढा, फारच मळ असेल तर गार पाण्यात थेंबभर सौम्य साबण घालून ओल्या मऊ कापडाने खाचेच्या दिशेने पुसा, मधलं लेबल भिजू देऊ नका, लगेच कोरडं करा. वाजवताना ७८ साठीची वेगळी पिन लागते, तिचं टोक एलपीच्या पिनेपेक्षा जवळजवळ चौपट रुंद असतं. एलपीची पिन खाचेच्या तळाला घासत जाते, सगळी खरखरच येते, गायकाचा आवाज लांबनं आल्यासारखा वाटतो. पणजोबांचा जुना चावीचा ग्रामोफोन असेल तर त्यावर चांगल्या तबकड्या मुळीच वाजवू नका, त्याची पोलादी सुई आणि जड साउंडबॉक्स दर वेळी थोडी थोडी खाच खरवडतो.

आता कायदा. रेकॉर्डिंगवरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं असतो, त्यामुळे तुमच्या तबकड्या १९३०-४० च्या असतील तर त्यांच्या बाबतीत तो केव्हाच संपला. पण शब्द आणि चाल ह्यांचा हक्क वेगळा मोजतात, गीतकार किंवा संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं. उदाहरण घ्या. ‘मानापमान’ची पदं खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. खाडिलकर १९४८ साली गेले, टेंबे १९५५ साली, म्हणजे दोघांचाही हक्क संपलाय, ‘मानापमान’च्या जुन्या तबकड्या खुशाल टाका. पण चाल मास्तर कृष्णरावांची असेल तर ते १९७४ साली गेले, त्यामुळे २०३४ संपेपर्यंत थांबायला हवं नाहीतर परवानगी घ्यायला हवी. गायक कोण आहे ह्यावर हे ठरत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तेव्हा प्रत्येक तबकडीची एक वही करा, लेबलवरचा नंबर, गायक, नाटक, पद, गीतकार, चाल कुणाची, आणि लेबलचा फोटो. यूट्यूबची यंत्रणा कधीकधी आपोआप कुणाचा तरी हक्क सांगते, तेव्हा ही वही हातात असली की हरकत घेता येते.

तीन मिनिटांचं कारण साधं आहे, १० इंची तबकडी ७८ च्या वेगाने फिरली की एका बाजूला तेवढंच मावतं, १२ इंचीत चार-साडेचार मिनिटं. आपल्याकडे १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस रेकॉर्डिंगला आला आणि गौहरजानबाई गायल्या. तासभर खुलवायचा राग तीन मिनिटांत बसवायचा, तोही कर्ण्यात तोंड घालून, आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायचं, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या कामगारांना कुठल्या तबकडीवर कुणाचं लेबल लावायचं ते कळायला हवं. नाट्यपदांना हे माप चांगलं मानवलं असं मला वाटतं, पदाचं तोंड, एक अंतरा, दोन-चार स्वच्छ ताना आणि संपलं, आणि रंगभूमीवर वन्समोअरला तासभर चालणारं पद गावोगावच्या घरात पोचलं. तुमच्या तबकड्यांमध्ये कुणी शेवटी नाव सांगत असेल तर ती खूप जुनी असणार, ती वेगळी काढून ठेवा.

प्रश्न : मुलगी गाणं शिकते. तिचे गुरुजी तंबोरा लावताना तारेखालचा दोरा केसभर इकडे तिकडे सरकवतात आणि एकदम आवाज बदलतो, गुंजायला लागतो. एवढ्याशा दोऱ्यात काय आहे? (कुडाळ)

ह्या प्रश्नासाठी तुमचे खास आभार, कारण हा दोरा म्हणजे आपल्या लोकांनी कानाने शोधून काढलेली अफाट गोष्ट आहे. गिटारला तार ज्या कडेवरनं जाते ती कड अरुंद असते, तार तिथे टेकते आणि विषय संपतो. तंबोऱ्याची घोडी चांगली दोन बोटं रुंद असते आणि तिचा माथा सपाट दिसला तरी अगदी किंचित उतरता घासलेला असतो. तार कंप पावताना त्या उतारावर टेकत-सुटत, टेकत-सुटत राहते, आणि प्रत्येक टेकण्यात तारेतनं वरचे वरचे स्वर उठतात. दोरा तारेला त्या उतारापासनं एवढीशी उचलून धरतो, जिथे हे टेकणं-सुटणं सगळ्यात जास्त होईल तिथे. दोरा पार काढून टाका, आवाज मिटमिटा येतो. फार पुढे सरकवा, कोरडा टणटणीत येतो. मधे कुठेतरी एक जागा असते जिथे तार बोलायला लागते, गुरुजी ती शोधत असतात.

पाश्चात्त्य शास्त्रात एक नियम होता की तार जिथे छेडाल त्या जागी ज्या उपस्वराची (मूळ स्वरासोबत उठणाऱ्या वरच्या स्वराची) गाठ, म्हणजे न हलणारी जागा, येते तो उपस्वर आवाजात येणारच नाही. सी. व्ही. रामन ह्यांनी कलकत्त्यात तंबोरा आणि वीणेवर प्रयोग केले आणि १९२१ साली दाखवलं की इथे ते न येणारे उपस्वरही स्पष्ट ऐकू येतात, आणि ते ह्या घोडीमुळे. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी तबला-मृदंगावरच्या शाईबद्दलही लिहिलं होतं, की साध्या कातड्याचे उपस्वर बेसूर असतात पण मधोमध शाईचा थर दिला की ते सुरात येतात. नोबेल मिळायच्या कितीतरी आधीचं हे काम आहे.

सांगायचं म्हणजे ही घोडी घासायचं काम, जवारी काढणं, अजून हातानेच होतं. मिरजेत सतारमेकर मंडळी पिढ्यानपिढ्या हे करतायत, भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातनं येतात, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. कारागीर कानस एकदा फिरवतो, तार चढवतो, ऐकतो, उतरवतो, परत घासतो. सगळीकडे ॲपवरचा तानपुरा आलाय आणि प्रवासात तो सोयीचा आहे हे मान्य, पण मुलीला शक्य असेल तर खरा तंबोरा लावायला शिकू द्या, त्यातनंच कान तयार होतो. आणि तुमच्याकडे कोकणात पावसाळ्यात जवारी लवकर बिघडते, वाद्य भिंतीला टेकवून ठेवू नका, गवसणीत घालून कोरड्या खोलीत ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे चार वर्षांपासून पोपट आहे, मिठू. कुकरची शिट्टी, बेल, आईचा खोकला हुबेहूब काढतो. कसं जमतं त्याला? शेजारच्या मुलाने सांगितलं पोपट पाळणं गुन्हा आहे, खरं का? (नागपूर)

खरं आहे. आपले देशी पोपट वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात, ते पकडायचे नाहीत, विकायचे नाहीत, घरी पाळायचेही नाहीत. बाजारात उघड विकतात म्हणून लोकांना वाटतं चालतं. ती पिल्लं झाडाच्या ढोलीतनं काढलेली असतात आणि वाटेत त्यातली बरीच मरतात.

आवाजाचं म्हणाल तर पक्ष्यांना आपल्यासारखा कंठ नसतो, त्यांचं आवाजाचं इंद्रिय खाली असतं, श्वासनलिका जिथे दोन फुप्फुसांकडे फाटते तिथे. शिवाय पोपटाची जीभ जाड आणि वळणारी असते, ती हलवून तो आवाजाला आकार देतो. पण तो हे करतो कशाला हे जास्त महत्त्वाचं आहे. पोपट थव्याने राहतो आणि थव्यातले पोपट एकमेकांचे आवाज उचलतात, आपण एकमेकांचे आहोत हे सांगायची त्यांची ती रीत. मिठूचा थवा म्हणजे तुम्ही, म्हणून तो आईचा खोकला शिकला. मला हे कळलं तेव्हापासून पिंजऱ्यातला बोलणारा पोपट बघवत नाही.

पण म्हणून आज गच्चीवर जाऊन पिंजरा उघडू नका. चार वर्षं पिंजऱ्यात असलेल्या पक्ष्याला लांब उडता येत नाही, खाणं शोधता येत नाही, मांजर-कावळ्याच्या तोंडी जाईल. वनविभागाच्या १९२६ ह्या हेल्पलाइनवर फोन करा, नागपुरात ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे अशा पक्ष्यांना सांभाळतात. मुलांना सोबत न्या आणि नीट सांगा.

प्रश्न : मुलगा स्वतः गाणी लिहितो, चाल लावतो, मोबाइलवर रेकॉर्ड करतो. त्याचं एक गाणं स्पॉटिफायवर आहे, सहाशे-सातशे वेळा ऐकलं गेलंय पण एक रुपया आला नाही. एक एजन्सी म्हणते पैसे द्या, पन्नास हजार प्ले करून देतो. द्यावे का? (लातूर)

अजिबात देऊ नका. हे प्ले बॉटकडनं, म्हणजे माणसांऐवजी कॉम्प्युटर प्रोग्रामकडनं येतात, स्पॉटिफायला ते ओळखता येतात, मग प्ले कापले जातात, डिस्ट्रिब्युटरला (ज्या कंपनीमार्फत गाणं तिथे चढवलं तिला) दंड होतो आणि तो चिडून तुमच्या मुलाचं गाणंच काढून टाकतो. दिलेले पैसे तर जातातच.

रुपया न येण्याचं कारण, २०२४ पासून त्यांचा नियम आहे की मागच्या १२ महिन्यांत गाणं किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याचे रेकॉर्डिंगचे पैसे मिळत नाहीत, आणि एक प्ले धरायला निदान ३० सेकंद ऐकावं लागतं. एका प्लेला ठराविक इतके पैसे असंही नसतं. सबस्क्रिप्शन आणि जाहिरातींचे पैसे एकत्र होतात आणि एकूण ऐकण्यात तुमचा वाटा जेवढा तेवढे तुम्हाला, त्यामुळे नवीन मुलाला पहिल्या वर्षात ह्यातनं घर चालेल असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

पण काही कामं आत्ताच करून ठेवा. डिस्ट्रिब्युटरकडनं प्रत्येक रेकॉर्डिंगचा आयएसआरसी कोड मिळालाय का बघा, तो त्या रेकॉर्डिंगचा कायमचा नंबर असतो. मुलगा स्वतःच गीतकार आणि संगीतकार आहे म्हणून आयपीआरएसचं सदस्यत्व घ्यायला सांगा, शब्द-चालीचा वाटा तिथनं येतो, रेकॉर्डिंगच्या पैशांपेक्षा तो वेगळा, आणि बहुतेक नवीन मुलं तो मागतच नाहीत. मित्राने तबला वाजवला, दुसऱ्याने अंतरा लिहिला, तर कुणाचा किती टक्के ते कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, गाणं चालायच्या आधी, नंतर मैत्री तुटते. आणि एखादी कंपनी गाणं घ्यायला आली तर करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘सर्व माध्यमांत’ हे शब्द कुठे आहेत ते शोधून मगच सही. मुलगा चाली स्वतः बांधतोय हे फार छान आहे, त्याला गणपतीत आणि कॉलेजच्या गॅदरिंगला लोकांसमोर गाऊ द्या, पहिले हजार ऐकणारे तिथनंच मिळतील.

प्रश्न : आमची मांजर मांडीवर बसली की घुरघुरते. पण परवा तिचा पाय दुखावला तेव्हाही घुरघुरत होती. मग खूश आहे की दुखतंय, कसं कळायचं? (ठाणे)

मांजर दोन्ही वेळा घुरघुरते, आजारी असताना, विताना, व्हेटच्या टेबलावरसुद्धा. आवाज येतो कंठातनं, साधारण २५ ते ३० हर्ट्झचा. एवढ्याशा प्राण्याला इतका खर्ज कसा काढता येतो हे बरीच वर्षं कोडं होतं. २०२३ साली संशोधकांनी आजारपणामुळे गेलेल्या मांजरांचे कंठ मालकांच्या परवानगीने तपासले, नुसती हवा सोडली तरी त्यातनं तो खर्ज निघाला, आणि स्वरपट्ट्यांमध्ये छोट्या गाद्या सापडल्या ज्यांनी पट्ट्या जड होऊन सावकाश हलतात. म्हणजे मेंदूला दर वेळी स्नायू आकसवावे लागतातच असं नाही.

तुम्ही आवाजावर जाऊ नका, बाकीचं बघा. खातेय का, मातीच्या ट्रेमध्ये नेहमीसारखी जातेय का, अंग चाटून स्वच्छ करतेय का, उंच जागी उडी मारतेय का. ह्यातलं काही बंद झालं असेल आणि ती कोपऱ्यात अंग चोरून बसून घुरघुरत असेल तर दुखतंय. पाय दुखावलाय तर आजच व्हेटकडे न्या, आणि तोपर्यंत घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही आणि एका गोळीनेसुद्धा मांजर दगावतं.